तुरीचं दुसरं टोक

थंडी ओसरू लागली की इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत आफ्रिकेचा हंगाम सुरू होतो. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलची मुलं आपली आफ्रिका बिझनेस कॉन्फरन्स भरवतात, ऑक्सफर्डची आपली, कोलंबियाची आपली. नावं थोडीफार वेगळी, पण पोस्टरं शेजारी शेजारी लावली तर कुठलं कुणाचं ते सांगता येणार नाही. खंडाची आकृती, तिच्यातून निघणाऱ्या सोनेरी रेषा, आणि 'उदय', 'भविष्य', 'आता' यांपैकी निदान एक शब्द. आयोजक सगळे विशी-पंचविशीतले. वक्त्यांत एखादा मंत्री, एखाद्या बँकेच्या मोठ्या बाई, दोन-तीन स्टार्टअपवाले आणि एखादा फॅशन डिझायनर. लांबून बघणाऱ्याला हे कॉलेजच्या गॅदरिंगने सूट घातल्यासारखं दिसेल. मी जवळून बघितलं, कारण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे एलएसईत, शिकत होते त्या वर्षी वर्गातल्या एका केनियन मैत्रिणीने मला सरळ नोंदणीच्या टेबलावर नेऊन बसवलं. "तू आफ्रिकन नाहीस, म्हणजे ओळख काढून फुकट आत सोड असं तुला कुणी म्हणणार नाही," हे तिचं कारण. ते खरं ठरलं. फुकट आत जाऊ बघणारा एकच निघाला, तोही पुण्याचा.

एलएसईची आफ्रिका समिट 2014 साली सुरू झाली आणि ती विद्यार्थीच चालवतात. एक दिवस संशोधकांचा आणि एक दिवस धंदेवाल्यांचा, अशी तिची मूळची घडण. विद्यार्थी चालवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला त्या टेबलामागे बसल्यावर कळलं. सप्टेंबरात प्रवेश घेतलेली मुलं ऑक्टोबरात समिती बनवतात, आणि वसंतात कार्यक्रम झाला की वर्षभराचा कोर्स संपवून निघून जातात. पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती एक गूगल ड्राइव्ह येतो आणि मेलला उत्तर न देणाऱ्या वक्त्यांची यादी. तरीही दर वर्षी सभागृह भरतं. पैसे प्रायोजकांचे. त्यांना लोगो हवा असतो, स्टॉल हवा असतो, पण खरं तर त्यांना हवे असतात लंडनमध्ये मास्टर्स करून लागोस किंवा नैरोबीला परत जायला तयार असलेल्या मुलांचे बायोडेटा. मुलांना हे माहीत असतं आणि प्रायोजकांना ते त्यांना माहीत असल्याचं माहीत असतं. व्यवहार चोख आहे, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरी डोकेदुखी व्हिसाची. आफ्रिकेवरची परिषद लंडनमध्ये घ्यायची तर आफ्रिकेतल्या माणसांना लंडनला येता आलं पाहिजे, आणि घोडं तिथेच पेंड खातं. 2019 च्या एप्रिलमध्ये याच समिटच्या एका कार्यशाळेला येऊ घातलेल्या 25 संशोधकांपैकी 24 जण पोहोचलेच नाहीत. ती बातमी तेव्हा 'गार्डियन'मध्ये आली होती. त्याच वर्षी ब्रिटिश खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने अहवालात लिहिलं की आफ्रिकेतून आलेले व्हिसाचे अर्ज नाकारले जाण्याचं प्रमाण इतर अर्जांच्या दुपटीहून जास्त आहे. समितीतल्या एका मुलाचं काम एवढंच होतं, निमंत्रणपत्रं लिहायची. राहण्याचा खर्च कोण करणार, परतीचं तिकीट काढलंय का, हा माणूस परत का जाईल, हे सगळं लेटरहेडवर. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा आणि तो एका साठीच्या प्राध्यापकाच्या वतीने सरकारला हमी देत होता की हे गृहस्थ आपल्या घरी परत जातील. एवढ्याने इंग्लंडला नावं ठेवून मोकळं व्हावं तर खुद्द खंडातली अवस्थाही फार वेगळी नाही. अलिको दांगोटे हे आफ्रिकेतले सर्वांत श्रीमंत गृहस्थ. आपल्याच खंडात फिरायला मला 35 व्हिसा लागतात, असं त्यांनी 2024 साली रवांडातल्या किगालीच्या एका व्यासपीठावरून सांगितलं होतं.

सकाळी आठला आम्ही बॅज मांडले. आडनावाप्रमाणे, ए पासून झेड पर्यंत, अगदी नीटनेटके. अर्ध्या तासात इथिओपियाच्या पाहुण्यांनी ती व्यवस्था मोडीत काढली. त्यांच्याकडे आडनाव नसतंच, दुसरं नाव वडिलांचं. माणूस स्वतःचं नाव सांगतो, आम्ही वडिलांच्या अक्षराखाली ठेवलेला बॅज भलत्याच अक्षरात शोधतो, आणि रांग दाराबाहेर जाते. शेवटी मैत्रिणीने सगळे बॅज टेबलभर पसरले आणि ओरडली, "आपापले शोधून घ्या!" मग जी गंमत झाली ती कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. माणसं दुसऱ्याचा बॅज उचलून नाव मोठ्याने वाचायला लागली. घानाचा माणूस झिंबाब्वेच्या बाईंचं नाव चुकवतोय, त्या दुरुस्त करतायत, मागून तिसराच हसतोय. ती दहा मिनिटं मला पुढच्या दोन परिसंवादांपेक्षा जास्त लक्षात आहेत.

आणि कपडे! आपल्याकडे लग्नातसुद्धा एवढे रंग एका दालनात दिसत नाहीत. निम्म्याहून अधिक जण वॅक्स प्रिंटमध्ये. हे कापड आफ्रिकेची ओळख म्हणून जगभर मिरवतं आणि त्यातलं सर्वांत भारी समजलं जाणारं कापड हॉलंडमध्ये छापलं जातं. हेल्मंड गावची व्ह्लिस्को कंपनी 1846 ची. जावाच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करून ते तिकडेच विकायचं, असा डच कारखानदारांचा मूळ बेत. माल खपला पश्चिम आफ्रिकेत. तिथल्या बाजारातल्या बायकांनी नक्षीला नावं दिली, कुठली नेसून नवऱ्याला काय सुनवायचं ते ठरवलं, आणि कापड आपलं करून टाकलं. आता चिनी नकलेने डच मालाचा बाजार खाल्लाय. फॅशनच्या परिसंवादात यावर खडाजंगी झाली. एका मुलीचं म्हणणं, हा वसाहतीचा वारसा आता तरी अंगावरून उतरवा. दुसरी म्हणाली, माझ्या आजीने आयुष्यभर हेच विकून पाच मुलं शिकवली, तुझा वारसा तुझ्यापाशी. टाळ्या दुसरीला पडल्या.

एलएसई ज्या रस्त्यावर आहे त्या हौटन स्ट्रीटला अशा गर्दीची जुनी सवय आहे. 1930 च्या दशकात जोमो केन्याटा इथे मालिनोव्स्कींच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकत होते. पुढे ते स्वतंत्र केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. घानाचे पुढचे नेते क्वामे एनक्रुमा 1945 साली अमेरिकेतून लंडनला आले आणि त्यांनी एलएसईत नाव घातलं. अभ्यास बाजूला राहिला आणि त्याच ऑक्टोबरात मँचेस्टरला भरलेल्या पाचव्या पॅन-आफ्रिकन काँग्रेसच्या तयारीत ते बुडाले. पण मला या दोघांपेक्षा जास्त कुतूहल वाटतं ते लाडिपो सोलांके या नायजेरियन विद्यार्थ्याचं. कायद्याच्या शिक्षणासाठी आलेल्या या माणसाने 1925 मध्ये लंडनमध्ये पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांची संघटना काढली. काळ्या मुलांना कुणी खोली भाड्याने देईना, म्हणून पैसे जमवून 1933 साली कॅम्डन रोडवर वसतिगृह उघडलं. राहायला जागा, जेवायला आपलं अन्न, आणि संध्याकाळी राजकारण. आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे. 1905 साली हायगेटला श्यामजी कृष्ण वर्मांनी इंडिया हाउस उघडलं, सावरकर तिथेच राहिले. आणि कॅम्डन रोडपासून फार लांब नसलेल्या किंग हेन्रीज रोडवर, दहा नंबरच्या घरात, 1921-22 च्या सुमारास बाबासाहेब भाड्याने राहत होते. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे. लंडनच्या या एवढ्या उत्तरेकडच्या तुकड्यात किती साम्राज्यं आतून पोखरली गेली याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

बाबासाहेब मला त्या दिवशी अगदी अनपेक्षित जागी भेटले. चलनाच्या परिसंवादात. सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून धरून 14 देशांत आजही सीएफए फ्रँक चालतो. त्याचा दर युरोला बांधलेला, एका युरोला 655.957. आधी तो फ्रेंच फ्रँकला बांधलेला होता. 1994 मध्ये एका फटक्यात त्याची किंमत निम्मी केली गेली, तेव्हा ज्यांच्या खिशात तो होता त्यांनी तो फटका सोसला. नोटा छापल्या जातात फ्रान्समध्ये. पश्चिम आफ्रिकी देशांना आपली निम्मी परकी गंगाजळी पॅरिसच्या तिजोरीत ठेवावी लागायची, ती अट 2019 च्या घोषणेनंतर निघाली, दराची बांधणी मात्र तशीच राहिली. व्यासपीठावर बँकेतले एक गृहस्थ समजावून सांगत होते की बांधलेल्या दरामुळे महागाई आटोक्यात राहते, शेजारच्या नायजेरियाकडे बघा. ते खोटं नव्हतं. मागच्या रांगेतून एक सेनेगली मुलगा उठला आणि त्याने विचारलं, महागाई कमी ठेवायची की कारखाने काढायचे, हे ठरवणारं टेबल कुठल्या शहरात आहे?

मी टेबल सोडून दाराशी उभी होते आणि मला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आठवत होतं. 1923 साली याच एलएसईने ज्यावर बाबासाहेबांना डी.एस्सी. दिली तो प्रबंध. रुपया पौंडाला बांधण्याची जी व्यवस्था होती, जिचं केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने कौतुक केलं होतं, ती सरकारला मोकळं रान देते आणि किंमत गरिबाच्या पगारातून वसूल होते, असं त्यात मांडलेलं. आपल्याकडे बाबासाहेबांचा हा प्रबंध नावाने सगळ्यांना ठाऊक, आणि वाचणारे फारच थोडे. शंभर वर्षांनी तोच प्रश्न, तीच संस्था, फक्त विचारणारा सेनेगलच्या डकारचा. कार्यक्रमानंतर मी त्या मुलाला प्रबंधाची लिंक पाठवली. त्याने रात्री दोन वाजता एक ओळीचं उत्तर पाठवलं, "हे आम्हाला इथे का शिकवत नाहीत?"

बाकी परिसंवादांबद्दल थोडक्यात. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा 2007 साली केनियात सुरू झाली आणि तेव्हापासून अशा प्रत्येक परिषदेत तिची आरती होते. त्या वर्षीही झाली. 2020 मध्ये ऑनलाइन पैसे घेण्याची सोय पुरवणाऱ्या अमेरिकी स्ट्राइपने नायजेरियाची तसलीच कंपनी पेस्टॅक विकत घेतली, ती दुसरी आरती. आफ्रिकी मुक्त व्यापार करारावर एक सत्र होतं. जानेवारी 2021 पासून तो कागदावर लागू आहे, आणि आफ्रिकी देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या आसपास घुटमळतोय. हे आकडे दाखवणारी स्लाइड दोन वेगवेगळ्या वक्त्यांनी दाखवली, रंगसुद्धा तेच होते. सूत्रसंचालक मुलं फार सभ्य वागतात, पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे नोकरी मागायची असते ना. म्हणून चांगले प्रश्न नेहमी मागच्या रांगेतून येतात.

आणि भारत? भारत सगळीकडे होता, फक्त व्यासपीठावर नव्हता. एअरटेलने 2010 मध्ये जवळजवळ 10.7 अब्ज डॉलर मोजून आफ्रिकेतलं जाळं घेतलं, ते एका स्लाइडच्या कोपऱ्यात. कंपालाच्या बोडा-बोडांचा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलींचा फोटो तर तीनदा आला, 'तरुण आफ्रिका' या अर्थाने. फोटोतली गाडी बजाज बॉक्सर होती. ती आमच्या मराठवाड्यातल्या वाळूजला बनते, हे तिथे मला सोडून कुणाला सांगावंसं वाटलं नसेल. एलएसईत आफ्रिकेच्या अभ्यासाची जी संस्था आहे तिच्यावर फिरोझ लालजी हे नाव आहे. युगांडातले भारतीय वंशाचे, एलएसईचेच जुने विद्यार्थी. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, त्या पिढीतले. भारतीय माणूस आफ्रिकेत दुकानदार म्हणून गेला. त्याच्याबद्दल तिथे जे बोललं जातं ते कौतुकाचंही असतं आणि कडवटही. उधारी देणारा तोच, आपल्या मुलीचं लग्न शेजाऱ्याच्या मुलाशी कधी न लावणाराही तोच. आपण मराठी माणसं यातून अंग काढून घेतो, की ते गुजराती, आम्ही नव्हेत. मॉरिशसच्या मराठी घरांत कोकणातून नेलेली झाकरी अजून नाचतात याचा मात्र आपल्याला अभिमान वाटतो, आणि मॉरिशस आफ्रिकी महासंघाचा सदस्य आहे हे आपण सोयीने विसरतो.

जेवणाच्या सुट्टीत विद्यार्थी केंद्राबाहेर मोकळ्या जागेत सगळे पांगले. तिथे मार्क वॉलिंजर या शिल्पकाराने केलेला एक भलामोठा पृथ्वीगोल आहे, 2019 पासून. तो उत्तर ध्रुवावर उभा आहे, त्यामुळे सगळं जग उलटं. युरोप खाली पायांशी आणि दक्षिणेचे देश वर. हातात जोलोफ भाताची प्लेट. जोलोफ घानाचा चांगला की नायजेरियाचा, यावर कंत्राटदाराच्या भाताच्या निमित्ताने अर्धा तास वाद चालला होता. सेनेगलचा तो मुलगा कंटाळून म्हणाला, भात मूळचा आमचा, तुम्ही दोघं भांडत बसा. गोलाच्या पलीकडे एक मुलगी मान वर करून कुणाला तरी मलावी दाखवत होती. इतका लहान देश की सरळ नकाशातही शोधावा लागतो.

तिने मला विचारलं, भारतात कुठली. मी लातूर म्हणाले. परदेशात लातूर म्हटलं की पुढे 'मुंबईपासून एक रात्र' असं जोडावं लागतं, तेही जोडलं. तिथे काय पिकतं, तिचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न लंडनमध्ये मला आजवर कुणी विचारला नव्हता. सोयाबीन आणि तूर, मी म्हणाले. तुरीचं इंग्रजी नाव ऐकताच तिने काटा प्लेटमध्ये ठेवला. "म्हणजे आमचं नांदोलो तुमच्याकडे जातं!"

तिचं घर दक्षिण मलावीत, मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी. मक्याच्या ओळींमध्ये तूर, जशी आमच्याकडे सोयाबीनमध्ये. त्या भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते. शेत तिच्या आजीचं, उद्या आईचं, परवा तिचं. मामा कसतो आणि बाजाराचं बघतो. मी तिला सातबाऱ्यावरची आमची नावं सांगितली, सगळे काका. ती फक्त "हं" म्हणाली. मग तिने शेंगांचं विचारलं. हिरव्या असताना मीठ घालून उकडता का? उकडतो म्हणजे काय! डिसेंबर-जानेवारीत पातेलंभर शेंगा उकडायच्या, अंगणात बसून दातांनी सोलायच्या, टरफलांचा ढीग. त्यांच्याकडे जून-जुलैत, पण पातेलं तेच, मीठ तेच, ढीगही तोच. दोन घरांत सहा महिन्यांच्या अंतराने चालणारी ही गोष्ट आम्ही दोघी उभ्या उभ्या हातवारे करून एकमेकींना दाखवत होतो. शेजारचा नायजेरियन मुलगा गोंधळून बघत होता.

इथपर्यंत सगळं गोड. पण लातूरच्या मोंढ्यात 'आफ्रिकेची तूर' हे दोन शब्द गोडीने उच्चारले जात नाहीत. माझ्या काकांची आडत आहे. लहानपणापासून मी ऐकत आलेय, "बोट लागली, आता भाव पडतो बघ." व्यापाऱ्यांच्या फोनवर मालाची नावं येतात, गजरी, मटवारा, अरुषा, मोझांबिकची सफेद. यात टांझानियातलं अरुषा नावाचं शहर आहे, मटवाऱ्याला बंदर आहे, तिथे कुणी राहतं, हे कुणाच्या खिजगणतीत नसतं. त्यांचं पीक ऑगस्ट-सप्टेंबरात निघतं, मोझांबिकमधल्या 'नाकाला' नावाच्या बंदरातून न्हावाशेवाला पोहोचतं आणि दिवाळीच्या पुढे-मागे बाजारात येतं, आमची तूर शेतात फुलावर-शेंगेवर असताना. शेतकऱ्याला ती नकोशी. डाळमिलवाल्याला मात्र हवी असते, कारण हंगाम संपून गिरणी बंद पडण्यापेक्षा आफ्रिकेचा दाणा भरडलेला बरा. काका मध्ये. सकाळी शेतकऱ्यापाशी आयातीला शिव्या घालतात आणि संध्याकाळी मिलवाल्याबरोबर चहा पितात. दोन्ही वेळा मनापासून.

मग 2017 साल निघालं, आणि ते मलावीच्या त्या मुलीनेच काढलं. 2015 च्या दुष्काळात आपल्याकडे तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती. सरकार घाबरलं. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी करार झाला, दर वर्षी वाढत वाढत दोन लाख टनांपर्यंत तूर घेऊ म्हणून. ही बातमी सीमेपलीकडे मलावीत, टांझानियात पोहोचली. भारत घेतोय, पेरा. लोकांनी पेरली. इकडे आमच्या लोकांनीही भाव बघून पेरली, पाऊस बरा झाला, आणि देशाचं तुरीचं उत्पादन 25 लाख टनांच्या घरातून 48 लाख टनांच्या घरात गेलं. 2017 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीने एक अधिसूचना काढली. वर्षाला दोन लाख टनांवर तूर आयात बंद, करार असेल तेवढा माल वेगळा. मोझांबिकपाशी करार होता. मलावीपाशी नव्हता, तो 2021 मध्ये झाला, 50 हजार टनांचा. "तेव्हा मामाकडे पोती भरून ठेवलेली होती," ती म्हणाली. "व्यापारी आला आणि म्हणाला, इंडियाने दार लावलं. आम्हाला वाटलं भाव पाडायला खोटं बोलतोय. खरं होतं. आजी म्हणाली, इंडिया म्हणजे कोण, त्याला फोन लावा."

मी तिला सांगितलं त्याच वर्षी आमच्याकडे काय चाललं होतं. सरकारी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा, बारदाना संपलाय म्हणून मापं बंद, शेतकरी ट्रॉलीखाली गोधडी टाकून राखण करत झोपलेले. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये आणि बाहेर व्यापारी हजाराने कमी मागणारा. ज्यांचा नंबर लागला त्यांना पैसे मिळाले, ज्यांचा नाही त्यांनी पडेल भावात दिली. आयात बंद करा ही मागणी या रांगांमधून उठली होती. हे ऐकून ती मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे दार तुमच्या काकांनी लावायला सांगितलं." मी म्हटलं, काका आडत्ये आहेत, ते दोन्ही बाजूंनी बोलतात. ती हसली, पण तिचं म्हणणं तिने मागे घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं.

दुपारी शेतीचा परिसंवाद होता. व्यासपीठावर नैरोबीतल्या एका धान्य कंपनीचे वरिष्ठ, एक विकास बँकेच्या बाई, एक ड्रोनवाला. ड्रोनवाल्याला सर्वांत जास्त वेळ मिळाला. बँकेच्या बाई 'दक्षिणेचं दक्षिणेशी सहकार्य' यावर सुरेख बोलल्या, त्यात भारताचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा मित्र म्हणून. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मलावीच्या मुलीने हात वर केला. तिने नाव सांगितलं, जिल्हा सांगितला, आणि विचारलं की 2017 मध्ये भारताने कोटा लावला तेव्हा तुमच्या गोदामात जो माल होता त्याचं नुकसान कंपनीने सोसलं की पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्या भावातून कापलं? सभागृहात कुणीतरी शिट्टी मारली. धान्यवाले गृहस्थ मूल्यवर्धनावर बोलले. कच्चा दाणा न पाठवता डाळ करून पाठवायला हवी, गिरण्या आफ्रिकेत उभ्या राहायला हव्यात, वगैरे. मला लातूरच्या गिरण्या दिसत होत्या. तो दाणा डाळ होऊन आला तर त्या आधी बंद पडतील, पण ते सांगायला मी कोण, नोंदणीच्या टेबलावरची मुलगी. सूत्रसंचालकाने घड्याळ दाखवलं.

कॉफीच्या रांगेत ते गृहस्थ स्वतःहून आमच्याकडे आले. व्यासपीठावरचा माणूस आणि हा, आवाजसुद्धा वेगळा. "कापलं," ते म्हणाले. "सगळ्यांनीच कापलं. तुमच्या मामाला माझा एक सल्ला सांगा. पावसाकडे नंतर बघा, आधी दिल्लीची अधिसूचना वाचायला एक माणूस ठेवा. आम्ही ठेवलाय." तिने विचारलं, त्याचा पगार किती? ते हसले, कार्ड दिलं आणि गेले. पुढची पंधरा मिनिटं आम्ही त्या माणसाच्या पगाराचाच हिशेब करत होतो. मुलांजेच्या पायथ्याच्या किती एकरांतून तो निघेल आणि औसा तालुक्यातल्या किती. माझ्या मैत्रिणीने येऊन खुर्च्या उचलायला हाक मारली तेव्हा दोन्हीकडचं उत्तर एकच येत होतं, अख्ख्या गावाने वर्गणी काढली तरी जमणार नाही.

आम्ही संपर्कात राहिलो. ती परत गेली, मी अजून इकडेच. 2025 च्या जानेवारीत केंद्राने तुरीची करमुक्त आयात 31 मार्च 2026 पर्यंत वाढवली. आमच्याकडे तेव्हा रास चालू होती, हमीभाव 7,550 आणि पुढच्या काही आठवड्यांत बाजार त्याच्याही खाली उतरला. मी ती अधिसूचना डाउनलोड करून तिला पाठवली, जरा ऐटीतच, की घ्या, फुकटचा माणूस. तिचं उत्तर आलं, मामाला आदल्या रात्रीच मिळाली, मलावीतल्याच ब्लँटायर शहराच्या व्यापाऱ्याकडून, सोबत निरोप की भाव पडणार, शिल्लक असेल तेवढी आत्ताच काढून टाका. मी लातूरला फोन लावला. काकांच्या फोनवरही तोच कागद आलेला होता आणि ते सकाळपासून शेतकऱ्यांना तेच सांगत होते.